विद्यार्थिदशेतील संशोधन आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आज ज्यांचा गुणगौरव झाला त्यांत वैद्यक व दंतवैद्यक शिकणारी मुलेमुली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु परीक्षेतील गुणांखेरीज त्यांना आणखी एका गोष्टीची आवश्यकता आहे, असे आम्हांस वाटते. ती म्हणजे गुरूच्या देखरेखीखाली केलेले स्वतःचे संशोधन.

१९१६ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या वैद्यकाच्या विद्यार्थ्यास प्राध्यापक हॉवेल यांनी रक्त गोठविणारे द्रव्य तपासण्यास सांगितले. त्यास आढळले ते नेमके उलट, रक्त गोठू न देणारे द्रव्य! जे दिसले तेच त्याने सांगितले, आणि गुरूंनी ते काम पुढे नेले. हेपारिन या औषधाचा उगम तेथे आहे.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ साली पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन विद्यार्थिवृत्ती सुरू केली. तिची शिस्त अशी: आपल्याच महाविद्यालयातील अध्यापक मार्गदर्शक, नैतिकता समितीची संमती, दोन महिन्यांचे काम आणि शेवटी अहवाल. विषय दूर शोधावयास नको. सुपारी व गुटखा खाणाऱ्यांचे तोंड हळूहळू उघडेनासे होते. अशा रुग्णांची संमती घेऊन, तोंड किती उघडते ते मोजून, सवयींची काटेकोर नोंद ठेवणे हे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यासही साधण्याजोगे आहे.

अडचण आहे ती पैशाची. वृत्तीची रक्कम अहवाल मान्य झाल्यावर हाती येते. तोवर खोलीचे भाडे व खानावळीचा खर्च कोणी सोसावा? जो मुलगा सुटीत घरी येऊन वडिलांच्या दुकानी उभा राहतो, त्याची बुद्धी कमी नसते. दोन महिने बाहेर राहण्याची ऐपत नसते. सबब, मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून अशा विद्यार्थ्यांस बिनव्याजी रक्कम द्यावी व वृत्ती मिळताच ती परत घ्यावी, अशी आमची सूचना आहे.

दुसरी विनंती अध्यापन करणाऱ्या आपल्या डॉक्टर मंडळींस. दरवर्षी एक तरी विद्यार्थी, मग तो कोणत्याही ज्ञातीचा असो, आपण हाताशी घ्यावा. आणि पालकांनी, 'याने गुण किती वाढतील?' असे मुलांस विचारू नये. पुढे रुग्णाच्या उशाशी बसून नेमके निदान करावयाचे असेल, तर पाहण्याची व पडताळण्याची सवय आजच लागली पाहिजे.