कुत्र्याचें नाक आणि धन्याचा धीर

मनुष्य जग डोळ्यांनीं पाहतो. कुत्रा तें नाकानें वाचतो. दाराशीं आलेला पाहुणा ओळखीचा कीं परका, पुढ्यांत टाकलेला घांस खाण्याजोगा कीं सोडण्याजोगा, याचा निवाडा त्याचें नाकच करतें. म्हणून त्या नाकाला दुखणें जडलें म्हणजे केवळ एक अवयव बिघडला असें होत नाहीं. त्या मुक्या प्राण्याचें अर्धें जगच अंधारतें. तो भाकरीवरून तोंड फिरवितो, रात्रभर घरघरतो, शिंकून शिंकून थकतो. आणि औषधांवर औषधें बदलूनहि नाक वाहावयाचें थांबत नाहीं, असें पाहून घरांतील मंडळी हताश होतात. ज्या घरांत असें दुखणें शिरलें असेल, त्या घराला थोडी दिशा आणि थोडा धीर द्यावा, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

हें दुखणें ओळखावयास इतकें अवघड कां, हें प्रथम पाहिलें पाहिजे. कुत्र्याच्या नाकपुडीच्या आंत अत्यंत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात. कागदाच्या सुरळ्या करून त्या एखाद्या नळींत दाटीनें बसवाव्यात, तशी त्यांची रचना असते. त्यांच्यावर ओलसर, नाजूक अस्तर असतें. त्यावरून जातांना हवा गाळली जाते, ऊन होते आणि वास टिपला जातो. विजेरीचा प्रकाश पाडला तर या वाड्याचा फक्त उंबरठा दिसतो. आंतील दालनें अंधारांतच राहतात. दुसरी अडचण अशी कीं, नाकाची भाषा फार तोकडी आहे. शिंक, स्राव, रक्त आणि घरघर, एवढेच काय ते तिचे शब्द. अगदीं निरनिराळे रोग हेच चार शब्द बोलतात. त्यामुळें केवळ बाहेरून पाहून रोगाचें नांव सांगणें अनुभवी पशुवैद्यालाहि साधत नाहीं, आणि त्यांत वैद्याचें अज्ञान असतें असेंहि नव्हे.

यवतमाळ जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर पहिला संशय कुसळाचा घ्यावा. पावसाळा सरला कीं, पुसदच्या टेकड्यांपासून पांढरकवड्याच्या माळांपर्यंत गवत पिकूं लागतें. त्यांतील कुसळी नांवाच्या गवताचें बीं मोठें करामती असतें. त्याला सुईसारखें अणकुचीदार टोंक, त्या टोंकावर मागें वळलेले बारीक केंस आणि पाठीशीं लांब, पीळदार शेपूट असतें. ओल लागली कीं पीळ सुटतो, वाळलें कीं पुन्हां वळतो, आणि या हालचालीनें बीं जमिनींत शिरतें. हीच करामत तें कुत्र्याच्या नाकांतहि करतें. पुढें सरकतें, मागें मात्र येत नाहीं. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दिसतें अशी म्हण आहे. परंतु नाकांतील कुसळ कोणालाच दिसत नाहीं. माळावरून परततांच कुत्रा एकाएकीं शिंकांनीं बेजार झाला, पंजानें एकच नाकपुडी घासूं लागला, तर त्याच दिवशीं पशुवैद्याकडे जावें. कारण दोन-चार दिवसांनीं शिंका कमी होतात, घरच्यांना बरें वाटलें असें वाटतें, आणि कांहीं आठवड्यांनीं त्याच बाजूनें घट्ट, दुर्गंधियुक्त स्राव वाहूं लागतो. तोंवर माळावरची ती फेरी सर्वांच्या स्मरणांतून गेलेली असते.

या दुखण्यांतील सर्वांत मोठी फसगत येथेंच होते. कुसळ असो, किडलेला दांत असो वा गांठ असो, बिघडलेल्या नाकांत जंतु मागाहून येऊन वस्ती करतात. जंतुनाशक औषध दिलें कीं हे पाहुणे कांहीं काळ जातात, स्राव आटतो, कुत्रा शेपूट हालवूं लागतो. औषध संपलें कीं आठ-पंधरा दिवसांत पूर्वस्थिति! मग दुसरें औषध, त्यानंतर तिसरें. प्रत्येक वेळीं थोडा आराम पडतो आणि प्रत्येक वेळीं मूळ रोगाला आणखी महिनाभराची सवड मिळते. तेव्हां आराम आणि रोगमुक्ति या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें घरच्यांनीं मनाशीं बांधून ठेवावें. औषधानें दोनदां बरें वाटून दोनदां दुखणें उलटलें, तर तिसरें औषध मागण्याऐवजीं कारणाचा शोध मागावा.

हा शोध कोणत्या दिशांनीं घ्यावयाचा, याची थोडी कल्पना असलेली बरी. वरच्या दांतांचीं मुळें नाकाच्या अगदीं लगत असतात. म्हाताऱ्या कुत्र्याचा दांत आंतून सडला तर पू नाकावाटें येतो, आणि दांत काढतांच नाक बरें होतें. गोचिडांपासून होणारा, एर्लिकिया नांवाच्या सूक्ष्म जंतूचा ताप रक्त गोठविणाऱ्या कणांचा नाश करतो. या जंतूचें पहिलें वर्णन १९३५ सालीं अल्जीरियांतील कुत्र्यांवरून झालें, आणि आपल्या उष्ण प्रदेशांत तो सर्वत्र आढळतो. त्यांत नाकांतून रक्त येतें, परंतु रोग नाकाचा नसतोच. तो रक्ताचा असतो, आणि रक्ताच्या तपासणींतच सांपडतो. लहान पिलाच्या दोन्ही नाकपुड्या वाहत असून डोळ्यांना चिपडें व अंगांत ताप असेल, तर डिस्टेंपरची शंका येते. या रोगाविरुद्ध लस आहे, ती वेळेवर टोंचलेली असावी. लांब नाकाच्या कुत्र्यांत कधीं कधीं बुरशी घर करते. तेव्हां नाक दुखरें होतें आणि नाकपुडीच्या कडेचा काळा रंग उडून तेथें व्रण पडतो. उतारवयांत एका बाजूचा श्वास हळूहळू बंद होत गेला, रक्तमिश्रित स्राव येऊं लागला, नाकाचा वा कपाळाचा आकार बदलला, तर आंत गांठ वाढत असण्याचा संभव फार.

परंतु गांठ म्हणतांच आशा सोडूं नये. आपल्याकडील मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत एक विलक्षण गांठ आढळते. पशुवैद्य तिला टी. व्ही. टी. म्हणतात. ती मुख्यतः समागमानें एका कुत्र्याकडून दुसऱ्यास लागते. आणि हुंगण्या-चाटण्याच्या स्वभावामुळें रोगाच्या जिवंत पेशी नाकांतहि रुजतात. १८७६ सालीं नोविन्स्की या रशियन पशुवैद्यानें ही गांठ एका कुत्र्यांतून दुसऱ्यांत रोपून दाखविली. आणि या सर्व गांठी फार पूर्वींच्या एकाच कुत्र्याच्या पेशींची वंशपरंपरा आहेत, हें २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें सिद्ध झालें. अशी ही पुराणी व्याधि बहुधा व्हिन्क्रिस्टीन या एका औषधाच्या, आठवड्यास एक अशा कांहीं टोंचण्यांनीं समूळ जाते. १९६३ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें हें औषध अंगणांतील सदाफुलीपासून निघालेलें आहे. मात्र सदाफुलीचीं पानें वाटून कुत्र्यास देण्याचा मोह कोणीं धरूं नये. तें झाड विषारी आहे, आणि तें औषधहि केवळ पशुवैद्याच्या हातूनच, रक्ताची तपासणी करीत द्यावयाचें असतें. सांगण्याचें तात्पर्य हें कीं, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गांठींपैकीं एक असाध्य आणि दुसरी सुसाध्य असूं शकते. लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून त्यांतील भेद कळत नाहीं.

या कामांत घरच्यांचा वांटा मोठा आहे. कुत्रा दवाखान्यांत दहा मिनिटें असतो. घरीं तो चोवीस तास असतो. एक साधी वही करावी. दुखणें कोणत्या दिवशीं आणि कशानें सुरू झालें. स्राव एका बाजूनें कीं दोन्ही, पाण्यासारखा, पिंवळा कीं रक्ताचा. शिंका कोणत्या वेळीं अधिक. कोणतें औषध किती दिवस दिलें व तें थांबविल्यावर काय झालें. हें सर्व तारीखवार लिहावें. एका बाजूचें दुखणें बहुधा कुसळ, दांत, बुरशी वा गांठ यांच्याकडे बोट दाखवितें. तें एका बाजूस सुरू होऊन दुसरीकडे पसरलें, हेंहि महत्त्वाचें. श्वासाची परीक्षा करण्यास कापसाच्या या जिल्ह्यांत फार शोधावें लागत नाहीं. कापसाचा एक बारीक तंतु आधीं एका व मग दुसऱ्या नाकपुडीपुढें धरावा. ज्या बाजूस तो हालत नाहीं, ती बाजू बंद समजावी. कांहीं कुत्रीं मान ताठ करून घोरल्यासारखी हवा आंत ओढतात. तिला उलटी शिंक म्हणतात व ती बहुधा निरुपद्रवी असते. अशा झटक्याचें चित्रण मोबाइलवर करून ठेवलें तर पशुवैद्याचें काम सोपें होतें.

तपासणीसहि एक क्रम आहे. प्रथम तोंड, दांत व रक्त. रक्त नीट गोठतें याची खात्री. नंतर भूल देऊन नाकाचें क्ष-किरण चित्र अथवा सी. टी. स्कॅन, त्यानंतर दुर्बिणीनें नाकांत पाहणें आणि शेवटीं तुकडा काढणें. आधीं तुकडा काढला तर रक्तानें पुढचें सर्व चित्र झांकोळतें. म्हणून हा क्रम. तालुक्याच्या दवाखान्यांत यांतील पहिल्या पायऱ्या होऊं शकतात. पुढच्या पायऱ्यांसाठीं सुमारें १५० किलोमीटरवरील नागपूरचें पशुवैद्यक महाविद्यालय, अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था, किंवा १८८६ पासून चालत आलेलें मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय, असे मार्ग आहेत. निघण्यापूर्वीं कोणती सोय कोणत्या दिवशीं आहे व खर्च किती येईल, हें विचारून घ्यावें. आणि ती वही बरोबर न्यावी.

कांहीं गोष्टी मात्र कटाक्षानें टाळाव्यात. घरगुती समजुतीनें नाकांत तेल वा तूप सोडूं नये. तें फुप्फुसांत उतरलें तर न्यूमोनिया होतो. माणसांचे चोंदलेलें नाक मोकळें करणारे थेंब आणि वेदनाशामक गोळ्या कुत्र्यास घातक ठरूं शकतात. घरांत विडी-सिगारेट, उदबत्ती आणि डांसांच्या अगरबत्तीचा धूर कोंडूं देऊं नये. आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लाळ गळत असेल, गिळतां येत नसेल, आवाज वा स्वभाव बदलला असेल, तर कांहींतरी अडकलें असेल म्हणून तोंडांत बोटें घालूं नयेत. तीं पिसाळण्याचींहि लक्षणें असूं शकतात. हात लागलाच तर साबणानें पंधरा मिनिटें धुवून तडक डॉक्टर गांठावा.

शोध चालू असतां शुश्रूषा थांबत नाहीं. वास येईनासा झाला म्हणजे कुत्र्याची भूक मरते. म्हणून अन्न किंचित् ऊन करून द्यावें, त्याचा वास उठतो. त्यांत कांदा-लसूण नसावा. कोमट पाण्यांत भिजविलेल्या कापसानें नाकपुड्या दिवसांतून दोन-तीनदां पुसाव्यात. ऊन पाण्याच्या वाफेनें भरलेल्या न्हाणीघरांत दहा मिनिटें आपल्याजवळ बसवावें. गळपट्ट्याऐवजीं छातीवरून जाणारा पट्टा वापरावा, म्हणजे मानेवर ताण येत नाहीं.

इतकें सर्व करूनहि कित्येक कुत्र्यांच्या बाबतींत कारण सांपडत नाहीं. आंत सूज आहे, पण ती कशानें आली हें सांगतां येत नाहीं. तेथें रोग समूळ घालविण्याचा हट्ट सोडून त्याला आटोक्यांत ठेवावें. असा कुत्रा थोडा वाहत्या नाकानेंच वर्षानुवर्षें आनंदानें जगतो. क्वचित् असाध्य गांठच निघते. किरणोपचार दूरच्या शहरांत, तेहि मोजक्या ठिकाणीं, आणि खर्च न झेपणारा. अशा वेळीं कर्ज काढणें म्हणजेच प्रेम, असें कोणीं मानूं नये, आणि कोणीं सुचवूंहि नये. तो खातो का, झोंपतो का, आवडत्या माणसाच्या पाउलाला उठून सामोरा येतो का, हे तीन प्रश्न त्याच वहींत रोज लिहावेत. तिन्हींचें उत्तर नकारार्थीं येऊं लागलें, म्हणजे त्याला वेदनारहित निरोप देण्याविषयीं पशुवैद्याशीं मोकळेपणानें बोलावें. त्या बोलण्याच्या वेळीं घरांतील मुलांनाहि जवळ बसवावें. त्या कुत्र्याला वाटींतून पाणी पाजण्याचें काम बहुधा त्यांनींच केलेलें असतें.