शौर्याला शिक्षणाची जोड



१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गासड्या व स्फोटके एकत्र होती. आग विझविण्यास धावलेले ६६ अग्निशामक स्फोटात हुतात्मा झाले. त्यांच्या स्मरणार्थ आपण अग्निशमन सप्ताह पाळतो. परंतु त्यांचे खरे स्मारक म्हणजे प्रशिक्षण होय.

१९५६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरात आहे. नवा जवान शिडी, होज, श्वसनयंत्र हाताळावयास शिकतो. बढती मिळणाऱ्याने मात्र आणखी एक गोष्ट शिकावयाची असते : माणसे आत केव्हा पाठवावीत आणि मागे केव्हा बोलवावीत.

म्हणून बंबासाठी तरतूद करताना स्थानिक संस्थांनी प्रशिक्षणाचीही तरतूद करावी. अप्रशिक्षित हाती बंब हे केवळ एक लाल वाहन ठरते.