वाद्य आणि वेठ



कामगारांच्या सभा भरविणे हे आमचे काम. संगीतावर बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. तरी मनाला लागलेली एक गोष्ट आपल्यापुढे ठेवतो.

नांदेडच्या मोंढ्यात, लातूरच्या अडत बाजारात आम्ही हमालांच्या सभा घेत आलो. माणसे जमवायची म्हणजे आधी हलगी लावायची. पत्रकावर वक्त्यांची नावे छापली जात. हलगीवाल्याचे कधी छापले नाही. एकदा एका म्हाताऱ्या वादकाला आम्ही म्हणालो, "पोराला शिकवा, नाहीतर कला बुडेल." तो म्हणाला, "दादा, तुम्ही कला म्हणता. आमच्या बापाला ती गावकीची वेठ होती. मयताला वाजव, लग्नाला वाजव, अन् जेवायला लांब बस. पोराला कशाला शिकवू?" आम्ही निरुत्तर झालो.

अशी वाद्ये वाचायची कशी? घाना देशात कोलोगो नावाचे वाद्य आहे. भोपळ्याला कातडे मढवून त्यावर दोन तारा ताणतात. किंग आयिसोबा या वादकाने त्याची हिप-हॉपशी सांगड घातली आणि खेड्यातले हे वाद्य देशभर ऐकू गेले. हिप-हॉप तरी कोठले? 1973 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स वस्तीत, गरीब काळ्या तरुणांत ते जन्मले. तालावर फेकलेले रोखठोक बोल, तोच रॅप.

आपल्याकडचा दाखला मुंबईचा. तेथील 'स्वदेशी' या रॅप गाणाऱ्या तरुणांनी 2019 साली 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. त्यात आरेच्या जंगलात राहणारे आदिवासी कलावंत प्रकाश भोईर त्यांच्याबरोबर आहेत. वारल्यांचा तारपा भोपळ्याचा, बांबूचा. त्याभोवती फेर धरून सारा पाडा नाचतो. पण नाच पाहून टाळ्या देणे निराळे आणि नाचणाऱ्याचे दुःख ऐकणे निराळे. या गाण्यात जंगल आणि जमीन हाच विषय आहे, आणि भोईरांचे नाव गाण्यावर आहे. 1945 साली शामराव व गोदावरी परुळेकरांच्या साथीने याच वारल्यांनी वेठबिगारी झुगारली होती. गाण्याचे नाव त्या उठावाची आठवण देते, ते उगीच नव्हे.

जुन्याला नव्याची जोड दिली की वाद्य वाचते, असे म्हणतात. आमच्या मते ते अर्धेच खरे. वाजविणारा आपखुशीने वाजवील, त्याचे नाव लागेल, दाम आधी ठरेल, आणि त्याच्या बाजूने गाणे बोलेल, तरच वाद्य जगेल. नाहीतर वेठ तीच, फक्त ध्वनिक्षेपक नवा.

म्हणून आम्ही ठरविले आहे : यापुढे आमच्या पत्रकावर हलगीवाल्याचे नाव वक्त्यांच्या आधी येईल. माळेगावच्या यात्रेत, घरच्या लग्नात आपण हलगी ऐकालच. तेव्हा वादकाचे नाव विचारा, आणि त्याला आपल्या पंक्तीला बसवा. एवढीच विनंती.