संध्याकाळची दुवा आणि कर्जाचा कागद



दिवस मावळला. काही जण मगरिबचा नमाज आटोपून थेट वर्गाला आले आहेत. काही जणी देवापुढे दिवा लावून आल्या आहेत. आज पाटी जरा बाजूला ठेवू. संध्याकाळच्या एका दुवेविषयी आम्ही चार शब्द सांगणार आहोत.

संध्याकाळ झाली की हात थांबतात आणि मन कामाला लागते. कुणाचे किती देणे आहे? उद्या दारात कोण येऊन उभा राहील? असा हिशेब सुरू होतो. ही काही आजची गोष्ट नाही. चौदाशे वर्षांपूर्वी अरबस्तानात, मदिना शहरातही हेच होते.

महंमद पैगंबरांची वचने आणि आठवणी यांना हदीस म्हणतात. अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात एक आठवण दिली आहे. एके दिवशी पैगंबर मशिदीत आले. नमाजाची वेळ नव्हती. तरी अबू उमामा नावाचे एक गृहस्थ तिथे बसून होते. अशा अवेळी इथे का बसलात, असे पैगंबरांनी विचारले. काळज्या आणि कर्जे पाठ सोडत नाहीत, असे त्यांनी सांगितले. तेव्हा पैगंबरांनी त्यांना एक दुवा शिकवली. ती सकाळी आणि संध्याकाळी म्हणायची.

या दुवेत आठ गोष्टींपासून अल्लाचा आसरा मागितला आहे. त्या जोडीने येतात. चिंता आणि दुःख. दुबळेपणा आणि आळस. भित्रेपणा आणि कंजूषपणा. शेवटी कर्जाचा बोजा आणि माणसांची दडपशाही. आपली काळजी गेली आणि कर्जही फिटले, असे अबू उमामा पुढे सांगतात.

आता नीट बघा. कर्ज अगदी शेवटी आले. आळस आणि भित्रेपणा त्याच्या आधी आले. आम्हांला यात मोठा अर्थ दिसतो. ही दुवा मागणारा नुसते पैसे मागत नाही. आळस नको म्हणणाऱ्याने सकाळी उठून कामाला लागायचे असते. भित्रेपणा नको म्हणणाऱ्याने सावकाराला तोंड चुकवायचे नसते.

पैगंबर स्वतःही नमाजात कर्जापासून आसरा मागत. इतक्या वेळा का मागता, असे एकाने विचारले. कर्जात सापडलेला माणूस खोटे बोलतो आणि दिलेला वायदा मोडतो, असा त्यांच्या उत्तराचा भाव आहे. हे आपल्याला ठाऊक नाही का? बाबा घरात नाहीत, असे आपण पोराकडूनच सांगवतो!

कुराणातील सर्वांत लांब आयत कशाविषयी आहे, माहीत आहे का? ती कर्जाच्या लिखापढीविषयी आहे. दुसऱ्या सूरेतील ही २८२ वी आयत. मुदतीचे कर्ज लिहून ठेवा, असे ती सांगते. लिहिणारा प्रामाणिक हवा. मजकूर कर्ज घेणाऱ्याने सांगायचा. साक्षीदार हवेत. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नये. त्याच सूरेत सावकारालाही सांगितले आहे. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी. कर्ज सोडून दिले तर अधिकच चांगले. जकातीचा पैसा ज्यांना द्यायचा, त्यांतही कर्जदार आहेत.

मागे आमच्या वर्गात एक गृहस्थ येत. त्यांनी कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता. आकडा मागाहून लिहिला गेला. आपण किती घेतले, ते त्यांना तोंडपाठ होते. पण कागद निराळेच बोलत होता. अंगठा तर त्यांचाच! ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “गुरुजी, अक्षरे मागाहून. आधी आकडे शिकवा.”

म्हणून सांगतो, मंडळी, दुवा जरूर मागा. तिने मनाला धीर येतो. पण कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. आपल्या राज्यात २०१४ चा सावकारी कायदा आहे. सावकाराला परवाना लागतो. तो आधी विचारा. पैसे भरले की पावती मागा. ती घरी नेऊन वाचा. एक शब्द अडला तर इथे घेऊन या.

चला, आता पाटी घ्या. चार रकाने आखा. नाव, तारीख, रक्कम, मुदत. ज्याचे जे देणे असेल, ते त्याने आज स्वतःच्या हाताने लिहावे.