शापातील प्रसाद

क्षिप्रेच्या काठी वसलेल्या उज्जयिनीचा मराठी मनाशी जुना ऋणानुबंध आहे. तेथील महाकाळेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असून, आजचे मंदिर राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात बांधविले. या नगरीतील एका शिवमंदिरात घडलेली कथा गोस्वामी तुलसीदासांनी सांगितली आहे. १५७४ साली आरंभिलेल्या ‘रामचरितमानसा’च्या उत्तरकांडात ती येते, परंपरा ते मंदिर महाकाळाचेच मानते.

काकभुशुंडी हा रामभक्त कावळा गरुडाला आपल्या पूर्वजन्माची हकिकत सांगतो. त्या जन्मी तो अयोध्येचा रहिवासी होता. दुष्काळ पडला, तेव्हा पोटासाठी तो उज्जयिनीस आला. तेथे एका शिवभक्त ब्राह्मणाने त्याला पुत्राप्रमाणे शिकविले, शिवमंत्र दिला. परंतु विद्या आली तसा गर्वही आला. शिवाचा भक्त म्हणून तो विष्णुभक्तांचा द्वेष करू लागला. गुरूने समजाविले, की शिवसेवेचे फळ रामभक्ती हेच आहे. शिष्याला ते रुचले नाही.

एके दिवशी तो देवळात शिवनामाचा जप करीत बसला असता गुरू आले. अभिमानाने तो जागचा उठला नाही, नमस्कारही केला नाही. गुरूंच्या मनात राग आला नाही. पण महादेवाला तो अपमान साहवला नाही. मंदिरात आकाशवाणी उमटली: अजगरासारखा बसून राहिलास, तर सर्पच हो!

शाप ऐकताच हाहाकार केला तो गुरूने. ज्याचा अपमान झाला, तोच अपराध्यासाठी हात जोडून उभा राहिला. तेव्हा त्याने केलेले स्तवन रुद्राष्टक म्हणून आजही घरोघर म्हटले जाते. महादेव प्रसन्न झाले. शाप त्यांनी मागे घेतला नाही. सहस्र जन्म घ्यावेच लागतील म्हणाले. परंतु जन्ममरणाचे दुःसह दुःख त्याला बाधणार नाही, कोणत्याही जन्मी ज्ञान मावळणार नाही आणि अखेरीस रामभक्ती लाभेल, असा वर त्यांनी दिला.

येथे शिक्षा आणि कृपा या दोन गोष्टी उरतच नाहीत. ‘शिष्य’ आणि ‘शासन’ हे दोन्ही शब्द संस्कृतातील एकाच धातूपासून आले आहेत. ज्याला वळण लावावयाचे तो शिष्य, आणि वळण लावणे ते शासन. परक्याच्या मुलाने पाटी फोडली तर आई पाहून न पाहिल्यासारखे करते. आपल्या मुलाला मात्र ती बोलते. तिच्या बोलण्यात जिव्हाळा असतो, म्हणूनच ते बोलणे असते.

हे ओळखावयास त्या शिष्याला पुष्कळ जन्म लागले. शेवटच्या मनुष्यजन्मी लोमश ऋषींशी वाद झाला आणि त्यांनी रागाच्या भरात त्याला कावळा होण्याचा शाप दिला. या वेळी मात्र तो भ्याला नाही, चिडला नाही. शाप मस्तकी धरून वंदन करून निघाला. ते शील पाहून ऋषींनाच पश्चात्ताप झाला. त्यांनी त्याला परत बोलावून राममंत्र दिला. पुढे हवे ते रूप घेण्याचे सामर्थ्य येऊनही त्याने कावळ्याचा देह सोडला नाही. त्याच देहात त्याला राम भेटला होता.

या कथेत एक सावधगिरीची सूचनाही आहे. दुसऱ्याच्या घरी संकट आले म्हणजे ‘देवाने शिक्षा केली’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. उज्जयिनीच्या त्या गुरूला तसे म्हणण्याचा अधिकार खरोखर होता. तरीही तो तसे म्हणाला नाही, त्याने दयेची याचना केली. ईश्वराचे शासन प्रेम म्हणून स्वीकारावे ते स्वतःच्या बाबतीत. दुसऱ्याच्या दुःखापुढे मात्र हात जोडून उभे राहावे. काकभुशुंडीला इतक्या जन्मांनंतर सलत राहिले, ते शापाचे दुःख नव्हे. सलत राहिला, तो त्या गुरूचा कोमल स्वभाव.