मातीचे विरजण



ज्या माणसाने आपल्या उमेदीची वर्षे खाणींच्या ढिगाऱ्यांवर रोपे लावण्यात आणि त्यांतली बहुसंख्य मरताना पाहण्यात खर्ची घातली, त्यालाच आपण वनविद्या, मृत्तिकाशास्त्र व वनस्पतिशास्त्र यांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदावर बसवावे, यात आपल्या औदार्याचा भाग किती आणि विनोदबुद्धीचा किती, याची शहानिशा करण्याच्या भरीस मी पडत नाही. आभार मानतो आणि कामाला लागतो. अध्यक्षाने शास्त्राच्या सद्यःस्थितीचा समग्र आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो मी मोडणार आहे. परिषद चंद्रपुरास भरली आहे, इथे येताना आपणांपैकी बहुतेकांनी खाणींच्या कडेला उभे राहिलेले ते करडे, सपाट माथ्याचे डोंगर पाहिले असतील, आणि ते पाहून आल्यावर दुसऱ्या कशाविषयी बोलणे मला तरी कृत्रिम वाटले असते.

उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती, मुरूम, चिकण आणि वालुकाश्म असे सारे थर उपसून बाजूला रचावे लागतात. खाणीवरची माणसे त्या साऱ्याला नुसते ‘ओबी’ म्हणतात. उपसा वरून खाली चालतो आणि रचाई खालून वर, त्यामुळे युगानुयुगांचा क्रम एका पिढीच्या आत उलटा होतो. शतकानुशतके पालापाचोळा पचवून जी वीतभर कसदार माती तयार झाली ती ढिगाऱ्याच्या तळाशी गाडली जाते, आणि ज्याने सूर्य कधी पाहिला नव्हता तो दगड माथ्यावर येऊन बसतो.

अशाच एका ढिगाऱ्यावर रोपवन उभे करण्याचा हुकूम मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मिळाला. मी तरुण होतो आणि त्याहून अधिक पुस्तकी होतो. रोपवाटिकेत कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडत, म्हणून पिशव्यांत भरावयाची माती मी औषध देऊन निर्जंतुक करून घेतली, आणि रोपांनी लवकर अंग धरावे म्हणून डीएपीच्या बाबतीत हात सैल सोडला. शिसू, करंज, कडुनिंब, सगळीच रोपे अशी तरतरीत झाली की पाहणीस आलेल्या वरिष्ठांनी शाबासकीचा शेरा लिहिला. पावसाळ्यात ती ढिगाऱ्यावर गेली. ऑक्टोबरच्या मोजणीत जिवंत रोपांची टक्केवारी झकास निघाली आणि अहवाल दप्तरी दाखल झाला. पुढच्या मे महिन्यात मी त्या माथ्यावर उभा राहिलो तेव्हा समोर काटक्यांच्या सरळ, शिस्तशीर ओळी होत्या. एक काटकी उपटून पाहिली. पिशवी केव्हाच फाडून टाकलेली असताही तिचा आकार जसाच्या तसा राखून मुळे त्या गोळ्यातच गुंडाळून बसली होती. बाहेरच्या दगडगोट्यांत त्यांतला एक धागाही शिरला नव्हता.

कोपऱ्यातल्या दोन ओळी मात्र हिरव्या होत्या. पिशव्या भरताना माती कमी पडली तेव्हा आमच्याकडच्या एका वृद्ध वनमजुराने खाणीच्या हद्दीबाहेरच्या जुन्या करंजाखालची माती पाटीने वाहून आणली होती आणि ती तूट भरून काढली होती. मला विचारण्याची तसदी त्याने घेतली नव्हती. मी कैफियत मागितली तेव्हा तो म्हणाला, “साहेब, दूध कितीबी चांगलं असू द्या, इरजन नसन तं दही लागते का?” मी हसलो, आणि ते हसणे पुढे कित्येक वर्षे मला पुरले, हे आज या व्यासपीठावरून कबूल करतो.

त्या विरजणाला शास्त्राने नाव दिले ते 1885 साली. बर्लिनच्या कृषी विद्यालयातले आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांच्यावर प्रशियाच्या सरकारने सोपवलेली कामगिरी भलतीच होती: ट्रफल नावाचे महामोलाचे भूमिगत कवक लागवडीने काढता येईल काय, याचा तपास. ते कवक काही सरकारी हुकुमाने पिकले नाही. पण वृक्षांची मुळे तपासता तपासता फ्रांक यांच्या लक्षात आले की मुळांच्या टोकांवर बुरशीचे जे अस्तर सर्रास दिसते तो रोग नसून तो एक करार आहे, ज्यात बुरशी मातीतून अन्नपाणी आणून देते आणि झाड तिला पोसते. दोन ग्रीक शब्द जोडून त्यांनी ‘मायकोरायझा’ हा शब्द घडवला. आपण त्याला कवकमूल म्हणू शकतो. पण तालुक्याच्या गावचे कृषी सेवा केंद्र त्याला ‘व्हॅम’ आणि ‘मायकोरायझा’ या नावांनीच ओळखते, आणि जिथे शेतकऱ्याने एक शब्द आपलासा केला आहे तिथे शब्दशुद्धीचा सोटा घेऊन उभे राहण्यात मला स्वारस्य नाही. बुरशी म्हणजे रोग, या समजुतीत वाढलेल्या त्या काळच्या पंडितांना फ्रांक यांचे म्हणणे पचायला फार वेळ लागला. मी हसलो होतो. त्यांनी वाद घातला, एवढाच फरक.

या कराराचा एक प्रकार किती जुना आहे ते पाहावयाचे असेल तर स्कॉटलंडमधील ऱ्हायनी या गावच्या गारगोटीसारख्या खडकात जावे लागते. सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी, झाडांना खरी मुळे फुटण्याच्याही आधी, जमिनीवर नुकत्याच आलेल्या वनस्पतींच्या ऊतींत पेशीच्या आत शिरणारी बुरशी बसलेली तिथे अश्मीभूत स्वरूपात सापडली आहे. म्हणजे मूळ नंतर आले, विरजण आधी.

ज्यांनी हे स्वतः पाहिलेले नाही त्यांना माझी विनंती आहे की करंजाचे केसाएवढे बारीक मूळ घ्यावे, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावात उकळून ते निवळ करावे, ट्रिपान ब्लू या रंगात बुडवावे आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरावे. विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या पेशींच्या मधून निळे तंतू पळताना दिसतात, आणि एखाद्या पेशीच्या आत एक इवलेसे झाड उभे असते: खोड, खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि डहाळ्या इतक्या बारीक की शेवटी नुसते निळे धुके उरते. देवघेव होते ती या झुडपाच्या अंगावर. थोड्याच दिवसांत ते विरून जाते आणि शेजारच्या पेशीत दुसरे उगवते. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा पाऊण तास नळीवरून डोळा उचलला नव्हता, आणि आमच्या प्रयोगशाळेच्या शिपायाला मी झोपलो आहे असे वाटले होते.

देवघेवीतला मुख्य जिन्नस म्हणजे स्फुरद. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येते. स्फुरद मात्र मातीच्या कणाला घट्ट चिकटून बसते आणि हलत नाही. मूळ आपल्या सभोवतालचे स्फुरद एकदा संपवते आणि मग उपाशीच राहते, कारण पुढचा घास जरी जवळच असला तरी तो चालत येत नाही. बुरशीचा तंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन ते दहा पट एवढा जाड. जिथे केशमूल शिरत नाही तिथे तो शिरतो, त्या रिकाम्या पट्ट्यापलीकडे जातो आणि आणून देतो. मोबदल्यात झाड आपल्या कर्बाच्या कमाईतला सुमारे 4 ते 20 टक्के हिस्सा त्याला देते. हा सौदा झाड डोळसपणे करते. स्फुरद मुबलक असले की ते भागीदार ठेवीत नाही. माझ्या डीएपीतल्या स्फुरदाने नेमके तेच केले होते, आणि औषधाने भागीदारीची शक्यताच संपवली होती. अमेरिकेतील लिंबूवर्गीय फळांच्या रोपवाटिकांत धुरी दिलेल्या जमिनीत रोपे खुजी राहत, तेव्हा आधी संशय औषधाच्या उरलेल्या विषावर गेला. 1972 साली क्लाइनश्मिट आणि गर्डेमान यांनी दाखवून दिले की खोट विषाची नव्हे, बुरशीच्या अभावाची आहे. संत्र्याच्या मुलखात ही गोष्ट अधिक लोकांना ठाऊक असावयास हवी होती.

साग, कडुनिंब, बांबू, आंबा, संत्रे ही सारी पेशीच्या आत शिरणाऱ्या बुरशीची मंडळी. साल आणि चीड यांची बुरशी मात्र मुळाला बाहेरून वेढते आणि पुष्कळदा जमिनीवर छत्रीही काढते. गडचिरोलीपलीकडे बस्तरच्या बाजारात पहिल्या पावसानंतर ‘बोडा’ नावाचे गोल, मातकट कवक चढ्या भावाने विकले जाते, ते सालाच्या मुळांशी नाते ठेवणारे, आणि म्हणूनच ते कोणाच्या परसात पिकत नाही. (गोव्यातली चवदार अळमी हिच्याशी गल्लत करू नये, ती वाळवीच्या वारुळावर पोसते आणि तिचा करार झाडाशी नव्हे, वाळवीशी आहे.) पोर्तो रिकोच्या बेटावर चीड लावण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे फसत होते, 1955 साली उत्तर कॅरोलिनातील चिडाखालची माती आणून मुळांशी घातली, आणि रोपे उभी राहिली. आमच्या वनमजुराची पाटी आणि ती माती यांत तत्त्वतः अंतर नाही.

पण माणसाने पाटी उचलली नाही तर काय होते? 18 मे 1980 रोजी अमेरिकेच्या वायव्य भागातील सेंट हेलेन्स पर्वताचा स्फोट झाला आणि मैलोगणती मुलूख प्युमिसच्या पांढुरक्या थराखाली गेला. त्या थरावर दोन-तीन वर्षांनी काही अभ्यासकांनी गोफर नावाचे बिळे करणारे उंदीरवर्गीय प्राणी मोजक्या तुकड्यांवर एका दिवसापुरते सोडले. अपेक्षा एवढीच की ते उकरतील, आणि उकरताना खालची जुनी माती, तिच्यातले बीजाणू व जीवाणू वर आणतील. सहा वर्षांनी त्या तुकड्यांवर सुमारे 40 हजार रोपे होती आणि आजूबाजूची जमीन बव्हंशी उघडी होती. त्याच परिसरातला दुसरा दाखला मला अधिक बोलका वाटतो. जुन्या रानातली झाडे राखेखाली सुया गाळून बसली, त्या सुया बुरशीने पचवून झाडांना परत केल्या आणि रान सावरले. स्फोटापूर्वीच ज्या भागातली झाडे सफाचट तोडली होती तिथे तसे काही घडले नाही. राख दोघांवर सारखीच पडली होती.

आपल्या ढिगाऱ्यांवर पहिल्या पावसात काय उगवते ते पाहा. माठाच्या कुळातली तणे, लव्हाळ्याची भावंडे. यांतली पुष्कळशी बुरशीशी करारच न करणारी. ती येतात, हिरवी दिसतात, छायाचित्रात शोभतात, आणि जमिनीत विरजण मात्र वाढत नाही, कारण त्यांना त्याची गरज नाही. त्या हिरवळीवरून यशाचा अंदाज बांधणारे अहवाल मी वाचले आहेत आणि, खोटे कशाला बोलू, लिहिलेही आहेत.

या दिशेने आपल्याकडे काम झाले नाही असे नव्हे. नागपूरच्या नीरी संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या आणि इथल्याच पद्मापूरच्या कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यांवर सेंद्रिय खत, नत्र धरणारे जीवाणू आणि मायकोरायझाचे बीजाणू असा मेळ घालून झाडे उभी करून दाखवली. गुमगावला साखर कारखान्यातली टाकाऊ प्रेसमड उपयोगात आणली गेली. गोव्यात लोहखनिजाच्या उजाड टेकड्यांवरील बुरशींचा अभ्यास तिथल्या विद्यापीठात झाला आहे. माझा आक्षेप संशोधनाला नाही, त्याच्या बाजारू सावलीला आहे. आज व्हॅमची पुडी कोणत्याही दुकानात मिळते. आत जिवंत बीजाणू किती, आणि ते ज्या मातीत जाणार त्या मातीचे आहेत की परमुलखाचे, याची चौकशी क्वचितच होते. उलट टोकाला, झाडे बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई लेकरांना जेवू घालते, अशा कथा शहरी वाचकांत फार लोकप्रिय झाल्या आहेत. 2023 साली कार्स्ट, जोन्स आणि होक्सेमा यांनी पुराव्यांची छाननी करून दाखवले की रानातला प्रत्यक्ष पुरावा त्या कथांच्या मानाने बराच तोकडा आहे. मला या कथांचा राग येत नाही, पण ढिगाऱ्यावर उभे राहिल्यावर त्यांचा उपयोगही होत नाही.

उपयोगाची गोष्ट अगदी साधी आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे. खाण उघडण्यापूर्वी वरची वीत-दोन वीत माती वेगळी काढावी असे नियम सांगतात. ती काढलीही जाते. पण मग ती उंच ढीग करून वर्षानुवर्षे पडून राहते, आत हवा पोहोचत नाही, वर झाड नसते म्हणून बुरशीला पोसणारे मूळ नसते, आणि ज्या दिवशी ती परत पसरावयाची त्या दिवशी तिच्यात खनिज असते, विरजण नसते. ती लगेच पसरा. जमत नसेल तर ढीग बुटके ठेवा आणि त्यांवर गवत व द्विदल पिके जगवत राहा, आणि रोपवाटिकेच्या पिशवीत जवळच्या जिवंत रानातली मूठभर माती घाला. यासाठी वेगळ्या अनुदानाची तजवीज लागत नाही. लागतो तो मोजणीच्या नमुन्यात एक रकाना. आज त्या नमुन्यात रोपाची उंची आहे, घेर आहे, ‘जिवंत’ किंवा ‘मृत’ अशी नोंद आहे; मुळाचा एक धागा रंगवून पाहावा असे कुठेही छापलेले नाही.

गेल्या वर्षी जुनी कागदपत्रे चाळताना त्या रोपवनाचे हजेरीपट माझ्या हाती लागले. ज्या दिवशी त्या वृद्धाने करंजाखालची माती वाहून आणली असावी, तो दिवस मी रोपवाटिकेच्या वहीवरून ताडून शोधला. पिशव्या भरणारे, पाणी देणारे, खड्डे खणणारे, साऱ्यांपुढे त्या त्या कामाचा उल्लेख आहे. त्याच्या नावापुढे माझ्या अक्षरात शेरा आहे: ‘इतर काम, अर्धा दिवस’.