दुरुस्तीआधी विचारपूस

(सिनेगॉगच्या सभागृहातील मासिक सभेत दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



गेल्या सभेत कोकणातील आपल्या जुन्या प्रार्थनामंदिरांचा विषय निघाला, आणि तो काहीसा तापला. आपले वाडवडील त्यांना ‘मशीद’ म्हणत. मीही आज तोच शब्द वापरते. काहींचे म्हणणे पडले की, येथे निधी जमवून ताबडतोब तिकडे पाठवावा. काहींचे मत असे की, जेथे मिन्यानला दहा पुरुष मिळत नाहीत तेथील सेफेर तोरा येथे आणावेत आणि दारांना कुलूप लावावे. दोन्ही पक्षांच्या मनात माया आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु दोन्ही पक्ष उपचारापासून आरंभ करतात, तपासणीपासून नव्हे. मी स्थापत्यशास्त्र शिकलेली नाही. नर्सिंगची पदविका आणि वॉर्डातील चाळीस वर्षे एवढेच माझे भांडवल. तरी या प्रश्नाची एक शिस्तबद्ध रीत जगात चालू आहे, ती आपणापुढे ठेवावी म्हणून उभी आहे.

ही रीत अमेरिकेतील वास्तुशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने, 1967 साली सुरू केली. साउथ डकोटा राज्यातील रॅपिड सिटी हे तिचे पहिले गाव. एखाद्या गावाचा जुना भाग ओस पडला, एखाद्या वस्तीवर संकट कोसळले, की त्या गावाने संस्थेकडे अर्ज करावा. मग देशाच्या निरनिराळ्या भागांतून सहा ते दहा तज्ज्ञांचे पथक तेथे जाते. त्यात वास्तुतज्ज्ञ असतात, नगररचनाकार असतात, अर्थशास्त्र जाणणारे असतात. चार-पाच दिवस ते गावात राहतात, गल्ल्या पायी हिंडतात, दुकानदारांना, भाडेकरूंना, शाळेतील मुलांना, नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांना भेटतात, उघड सभा घेतात. शेवटची रात्र बहुधा जागून अहवाल लिहितात आणि दुसऱ्या दिवशी तो साऱ्या गावासमोर वाचून दाखवतात. पुढे काही महिन्यांनी त्यांच्यापैकी काहीजण परत येऊन काम कोठवर आले ते पाहतात.

या रीतीतील तीन नियम मला फार मोलाचे वाटतात.

पहिला नियम, निमंत्रणावाचून जायचे नाही. आणि ते निमंत्रणही एकट्या पुढाऱ्याचे चालत नाही. गावातील निरनिराळ्या गटांचा पाठिंबा अर्जासोबत दाखवावा लागतो, स्थानिक समिती आधी उभी करावी लागते. जी मंडळी एरवी एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांना त्या निमित्ताने एका बाकावर बसावे लागते. निम्मे काम तेथेच होते.

दुसरा नियम, तज्ज्ञ मोबदला घेत नाहीत. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च तेवढा भागवला जातो.

तिसरा नियम सर्वांत कडक. या सल्ल्यातून पुढे जे काम निघेल त्याचे कंत्राट पथकातील कोणीही स्वीकारायचे नाही, असे वचन ते देतात. ज्याला नंतर बांधकाम मिळवायचे आहे, त्याच्या तोंडून ‘ही भिंत पाडा’ हे शब्द आले तर ऐकणाऱ्याच्या मनात किंतु राहतो. ज्याला काहीच मिळवायचे नाही, त्याचे कडू बोलणेही लोक ऐकून घेतात.

याचे फळ काय? टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहराच्या पूर्व भागात 1998 च्या एप्रिलमध्ये चक्रीवादळाने मोठी नासधूस केली. पुढच्याच वर्षी तेथे असे पथक आले आणि केवळ पडलेली छपरे उभारण्यावर न थांबता साऱ्या वस्तीचा विचार झाला. न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे रेल्वेच्या जुन्या आवाराचे काय करावे यासाठी 1997 साली पथक आले; 2008 मध्ये तेथील उद्यान लोकांसाठी खुले झाले. मध्ये अकरा वर्षे गेली, हेही ध्यानात ठेवावे. ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे माझी भाची राहते. तिच्याबरोबर मी पर्ल डिस्ट्रिक्ट नावाचा भाग पाहिला. तेथे पूर्वी गोदामे आणि रेल्वेचे रूळ होते. 1983 साली अशाच पथकाने त्याचा अभ्यास केला होता. आज तेथे घरे आहेत, बागा आहेत, ट्राम धावते. मात्र घरांच्या किमतीही अशा चढल्या की, स्वस्त जागेसाठी आधी तेथे आलेल्या अनेक चित्रकारांना दुसरीकडे जावे लागले. तेव्हा पुनरुज्जीवन कोणासाठी, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारलेला बरा.

आता आपल्या दाराशी येऊ. अलिबाग, पनवेल, पेण, रेवदंडा ही नावे येथील प्रत्येक घरात कोणाच्या ना कोणाच्या तोंडी आहेत. पनवेलची मशीद 1849 सालची. मुंबईची जुनी मशीद त्याहून वडील. सामाजी हसाजी दिवेकरांनी ती 1796 मध्ये उभारली. काही ठिकाणी आजही नेमाने तेफिल्ला होते, काही ठिकाणी चारदोन कुटुंबेच उरली आहेत. या सर्वांना एकच औषध लागू पडणार नाही.

कोकणातील जुन्या भिंती जांभ्या दगडाच्या आणि चुन्याच्या. चुना ओल घेतो आणि ती बाहेरही टाकतो. त्यावर कोणी भक्तिभावाने सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि काही पावसाळ्यांत पोपडे सुटतात. भिंत वरून गोरीगोमटी दिसते आणि आतून कुजत असते. अशी जखम आम्ही परिचारिकांनी पुष्कळ पाहिली आहे. म्हणून क्रम असा हवा: आधी छप्पर आणि कौले, मग पन्हळी आणि जोत्याभोवतीचे पाणी, मग भिंती, आणि रंग सर्वांत शेवटी. आपण पाठवलेला निधी पुष्कळदा आधी रंगावर खर्च होतो, कारण कोनशिलेचा फोटो रंगवलेल्या भिंतीवरच खुलून दिसतो.

काम नीट झाल्याची उदाहरणे भारतातही आहेत. मुंबईच्या काळा घोडा भागातील 1884 सालचे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्त होऊन 2019 मध्ये पुन्हा खुले झाले आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-प्रशांत पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. परंतु तेथे मोठे देणगीदार होते. आपल्या खेड्यांना अधिक जवळचे उदाहरण केरळातील चेंदमंगलमचे. तेथील यहुदी मंडळी इस्रायलला निघून आल्यावर सिनेगॉग मोडकळीस आले होते. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने त्याची दुरुस्ती केली आणि 2006 साली तेथे त्या समाजाच्या जीवनाचे प्रदर्शन उभे राहिले. आपणा सर्वांच्या परिचयाच्या डॉ. शाल्वा वाइल, मॅरियन सोफर आणि वास्तुतज्ज्ञ जय वॉरोंकर यांनी ते मांडले. याउलट कोचीनच्या कडवुंभागम सिनेगॉगचा अंतर्भाग आज जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे. एक वास्तू जागेवर राहून बोलते, दुसरी येथे येऊन बोलते. एकाच मार्गाला पुण्य आणि दुसऱ्याला पाप म्हणण्याचे कारण नाही.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्यात निवृत्त अभियंते आहेत, नकाशे काढणारे आहेत, सुतारकामात हयात घालवलेले आहेत, हिशेबनीस आहेत. त्यांच्यातून पाच-सहा जणांचे पथक व्हावे. तिकडच्या कुटुंबांनी बोलावले तरच त्यांनी जावे, आठवडाभर राहावे, आणि कंत्राट किंवा दलाली कोणी घेऊ नये. प्रत्येक खोलीचे मोजमाप व्हावे, छायाचित्रे काढावीत, कोनशिलांवरील आणि कबरींवरील मराठी-हिब्रू मजकूर उतरवून घ्यावा. जी वास्तू वाचणार नाही तिचीही निदान अशी नोंद राहील. मग तेथील मंडळींना विचारावे: रोज दार कोण उघडणार? किल्ली कोणाकडे राहणार? दहा वर्षांनी कौले कोण चाळणार? सण नसेल त्या दिवशी ही जागा कोणाच्या उपयोगी पडेल? आणि सेफेर तोरा येथे यावा की तेथेच राहावा, याचा निर्णयही त्यांचाच असावा. दिवा लावायला जे मागे राहिले, त्यांचा हा मान आहे.

निधीला माझा विरोध नाही. पहिला हप्ता मात्र या तपासणीच्या प्रवासखर्चासाठी ठेवावा, एवढेच मागते. रुग्णाला कोठे दुखते हे न विचारता कोणी औषधाचा प्याला पुढे केला, तर तो कितीही प्रेमाने दिला तरी मी वॉर्डात तो परत पाठवीत असे.

ज्यांना या पथकात नाव द्यावयाचे आहे त्यांनी सभेनंतर सचिवांकडे ते नोंदवावे.